लाकड्याचा हात

त्या वायरमनला सगळे लाकड्या म्हणायचे, आणि त्यालाही ते आवडायचं. उघड्या तारेला बोट लावून, मुंग्या आल्या की नाही यावरून तो सांगायचा, "आहे," नाहीतर "नाही." टेस्टर खिशात असायचा, पण नुसता शोभेला. वर्षानुवर्षं तारा ओढून आणि पान्यानं नट आवळून त्याच्या तळहातांना असे घट्टे पडले होते की बायको म्हणायची, "माझ्या गालाला हात लावू नका, सालं निघतात." माणूस कशाचा माज करील, नेम नाही. लाकड्याला आपल्या घट्ट्यांचा होता.

विद्या मात्र त्याला येत होती, हे कबूल केलं पाहिजे. धाकट्या भावाला हाताखाली घेतलं तेव्हा त्यानंच समजावलं होतं.

"गच्चीवरची टाकी बघ. टाकी जितकी उंच, तितका पाण्याला दाब. ते व्होल्टेज. नळातून प्रत्यक्ष वाहतं ते पाणी म्हणजे करंट. आणि नळात गाळ साचला की तो झाला अडथळा. दाब तोच ठेवून नुसता गाळ काढ, पाणी भसाभसा येईल. माणूस मरतो तो करंट अंगातून गेल्यानं. माझ्या हातात गाळ भरलाय, म्हणून तर जिवंत आहे मी!"

दोघंही पोट धरधरून हसले होते.

त्या दिवशी दोघं कपडे धुण्याच्या कारखान्यात गेले. बंद पडलेल्या मशीनची तार बदलायची होती. लाकड्यानं बोर्डावरचं एक बटण बंद केलं, कोरड्या लाकडी स्टुलावर चढला आणि तारेच्या उघड्या टोकाला बोट लावलं. काही जाणवलं नाही.

"मेलेली आहे. धर," असं म्हणून त्यानं तार खाली सोडली.

धाकटा साबणाच्या पाण्यात गुडघे टेकून मशीनचं झाकण काढत होता. त्यानं ओल्या हातानं तार धरली.

बंद केलेलं बटण दुसऱ्याच मशीनचं होतं. तार चालूच होती. दाब दोघांनाही सारखाच होता. पण एकाच्या पायाखाली सुकं लाकूड आणि हाताला घट्टे, तर दुसरा सगळा भिजलेला. लाकड्यानं धावत जाऊन मेन स्विच खाली ओढला, तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

लोक समजूत घालायला आले. नशीब म्हणाले, चूक कुणाच्याही हातून होते म्हणाले. लाकड्याला त्यांचा राग यायचा. यात नशीब कुठलं? यातली प्रत्येक गोष्ट त्याला ठाऊक होती, त्यानंच ती धाकट्याला शिकवली होती, आणि खिशातला टेस्टर काढण्यात मात्र त्याला कमीपणा वाटला. लाजेनं त्याला जेवण जाईना. कामावर जाणं त्यानं सोडलंच.

एका दुपारी धाकट्याची बायको त्याच्या खोलीत आली आणि दाराशीच बसली.

"दादा, त्यांना फार त्रास झाला असेल का हो? दुसऱ्या कुणाला विचारू? तुम्ही रोज हात लावायचात. कसं वाटतं ते तुम्हाला माहीत असेल."

खोटं बोलणं सोपं होतं. क्षणात संपलं, काही कळलंसुद्धा नसेल, एवढंच तर म्हणायचं होतं. लाकड्यानं तळहातावरच्या घट्ट्यांवरून अंगठा फिरवला.

"मुंग्यांपलीकडे मला कधी काही लागलंच नाही गं," तो म्हणाला.

तो आणखी काही सांगेल म्हणून ती थांबली.