बुडी मार, आक्का

बेळगावातल्या ज्या रुग्णालयात मी किरणोपचारांचं गणित मांडतो, तिथं यकृताच्या कर्करोगावर आमचं एक संशोधन चालू आहे. यकृत एका जागी थांबत नाही. प्रत्येक श्वासाबरोबर ते खाली-वर सरकतं. किरणांची मात्रा मोठी, आणि शेजारीच जठर, आतडी. म्हणून रुग्णानं मोठा श्वास घेऊन तो रोखायचा आणि तेवढ्या वेळातच आम्ही किरण सोडायचे. दर वेळी श्वास सारखाच रोखला जातो का, हे आधी सरावात पाहतो. ज्यांना जमत नाही त्यांना यात घेता येत नाही.

यंदा उपचाराच्या टेबलावर माझी थोरली बहीण, आक्का, होती. गाठ शस्त्रक्रिया करण्याजोगी नव्हती. तिच्यासाठी आम्हाला हाच एक मार्ग दिसत होता.

सूचना दोन भाषांत ध्वनिमुद्रित केल्या आहेत. कन्नड आवाज आमच्या तंत्रज्ञ मुलीचा, मराठी माझा. आक्कानं अर्थातच माझा मागितला. पुस्तकी 'श्वास रोखा' टाळून, सदलग्याला, आमच्या गावी, श्वासाला दमच म्हणतात म्हणून 'मोठा श्वास घ्या, आता दम धरा' असं मी भरलं होतं. त्या साधेपणाचा मला अभिमानच होता.

सरावात पडद्यावर श्वासाची रेघ चढायची आणि सपाट व्हायच्या ऐवजी घसरायची. पुन्हा पुन्हा तेच. संशोधनातल्या डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, "सर, त्यांना जमत नाहीये. आणखी एकदा बघू. नाहीतर थांबावं लागेल."

मी आत गेलो. "आक्का, दम धरा म्हटल्यावर तू काय करतीस गं?"

"काय करायचं? गप पडायचं. दम धरा, दम धरा म्हणून तूच सारखा वरडतोयस. म्या काय घाई केलीया व्हय? घाई तुमचीच!"

मला हसू आलं आणि लगेच माझी चूक कळली. दम म्हणजे श्वास खरा, पण आमच्याकडे दम धरा म्हणजे धीर धरा. ती बिचारी धीर धरून शांतपणे श्वास घेत पडली होती. तिच्याआधी काही जणांना, श्वास रोखता येत नाही म्हणून, आम्ही दुसऱ्या उपचारांकडे वळवलं होतं. त्यांतले किती जण माझं ऐकून निमूट धीर धरत पडले असतील? आता ते कळायचा मार्ग नाही. ही टोचणी माझी आहे, ती राहणारच.

"सर, कन्नड लावू का?" तंत्रज्ञ मुलीनं विचारलं.

"नगं गं बाई. कन्नड येतंय मला. पण ह्यालाच नीट सांगू दे की."

दूधगंगेत मला पोहायला तिनंच शिकवलं होतं. मी म्हणालो, "आक्का, नदीत बुडी मारायचीस, तशी मार. मी वर ये म्हणंपर्यंत वर यायचं न्हाय."

"मग तसं सांगायचं की रं आधी!"

मी बाहेर येऊन माइक हातात घेतला. "बुडी मार, आक्का."

रेघ चढली आणि थांबली. अगदी सपाट. "वर ये." पुन्हा बुडी, पुन्हा रेघ त्याच उंचीवर. डॉक्टरीणबाई खुर्चीतून पुढं वाकल्या. "घेऊया यांना," त्या म्हणाल्या.

तेव्हापासून सरावाआधी प्रत्येकाला, 'तुम्हाला काय समजलं, ते करून दाखवा' असं आम्ही सांगतो. नदी न पाहिलेल्यांसाठी वेगळे शब्द शोधतो. आमच्या संशोधनात ही पायरी आता कायमची आहे.

आक्काचे उपचार पूर्ण झाले. परवाच्या स्कॅनमध्ये गाठ लहान झालेली दिसली. पुढं काय, ते कुणीच सांगू शकत नाही. तिला सांगायला मी बाहेर आलो, तर बाकावर शेजारच्या बाईशी तिचं चाललं होतं: "पाण्यात माझ्याइतका येळ आमच्या गल्लीत कुणी ऱ्हायचं न्हाय. आन् ह्यो माझा भाऊ? ह्यो तर बोंबलतच वर यायचा."

दोघी हसत होत्या. मी दारातच थांबलो. माझ्या कामाचा इतका अभिमान मला याआधी कधी वाटला नव्हता.