शिव की शीव?

सिल्लोड मागं टाकून अजिंठ्याच्या घाटमाथ्यावर उभं राहिलं, की खालून खानदेशातला वारा असा काही अंगावर येतो की पदर सावरता सावरता पुरेवाट होते! मार्गशीर्षातली कोवळी उन्हं, फुटलेल्या कपाशीनं शुभ्र झालेली शिवारं आणि त्या वाऱ्यातला काळ्या मातीचा ओलसर गंध. याच मुलखात एके काळी मोगलाई संपायची आणि इंग्रजी अंमल सुरू व्हायचा. निजामाच्या राज्याला आमच्याकडची जुनी माणसं मोगलाईच म्हणत. आज ती हद्द कुठं होती हे सांगायलाही कुणी उरलेलं नाही.

त्या पुसून गेलेल्या रेषेवर मी उभं आयुष्य काढलं. विद्यापीठात इतिहास शिकवला, पण जीव गुंतला तो या सरहद्दीत. आई वैतागून म्हणायची, “सगळा मुलूख एक झाला, अन् हिला अजून हद्द सापडंना!” राजधान्यांचं वैभव वर्णायला पुष्कळ समर्थ लेखण्या होत्या, मला मात्र राज्य जिथं संपतं तिथल्या माणसांचं विलक्षण कुतूहल. ज्याचं शेत एका राज्यात आणि विहीर दुसऱ्या राज्यात, तो स्वतःला कुठला म्हणवत असेल? त्याची लेक दोन कोसांवर दिली, तर ती परमुलखात गेली म्हणायची का?

माझं नाव झालं ते एका शब्दामुळं. शहागंजातल्या एका रद्दीच्या दुकानात मला मोडी लिपीतला एक कागद मिळाला. सरहद्दीवरच्या दोन गावांनी मिळून ‘शिवपूजा’ करावी, असा त्याचा आशय. मी हर्षभरित झाले! दोन राज्यांच्या मधोमध एक शिवालय आणि दोन्हीकडचे भाविक एकाच पिंडीपुढं नतमस्तक, केवढं रम्य चित्र! त्यावर लिहिलेला निबंध गाजला, नोकरीत कायम झाले, व्याख्यानांची आमंत्रणं आली. देऊळ काही सापडलं नाही. कालौघात पडलं असेल, असं मी एका वाक्यात लिहून टाकलं आणि मोकळी झाले.

मग संघमित्रा आली. तिचे वडील चिकलठाण्याच्या कारखान्यात कामाला, मूळ गाव त्याच सरहद्दीवरच्या दोन गावांपैकी एक. माझ्या मार्गदर्शनाखाली ती पीएच.डी. करत होती. पोरगी हुशार, पण प्रबंध सादर करायची वेळ आली तेव्हा तिच्या स्वतःच्या गावावरचं प्रकरणच त्यात नव्हतं. मी चांगलीच झापली तिला. ती खाली मान घालून ऐकत राहिली आणि मग हळूच म्हणाली, “मॅडम, आमच्या गावच्या शिवंवर देऊळ नाय. कधी नव्हतंच. नुसता धोंडा हाय. नवरदेव आला की दोन्ही गावची माणसं तिथं नारळ फोडतेत, आर्धा यांचा, आर्धा त्यांचा. तिलाच म्हनतेत शीवपूजा.”

शीव, म्हणजे गावाची हद्द! मोडी लिपीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, हे मीच दरवर्षी मुलांना घसा फोडून सांगत आले होते. शिव आणि शीव तिथं एकसारखेच दिसतात. आणि मी, हद्दीचा अभ्यास करणारी शहाणी, नेमका ‘हद्द’ हाच शब्द वाचायला चुकले होते! संघमित्राला माझी ही चूक दोन वर्षांपासून ठाऊक होती. मला वाईट वाटेल म्हणून तिनं आपलं सर्वांत चांगलं प्रकरण घरी फडक्यात बांधून ठेवलं होतं.

खोटं कशाला सांगू, मला राग आला. तिचाच आला. तीन दिवस मी माझ्या बाजूचा पुरावा धुंडाळत बसले. प्रकरण घातलं तर माझी उभ्या जन्माची एकुलती एक मिरास जाणार होती. गाळलं तर त्या पोरीचा प्रबंध पोकळ राहणार होता. चौथ्या दिवशी तिच्याबरोबर तो धोंडा पाहायला गेले. शेंदूर ताजा होता, शेजारी करवंटीचे तुकडे पडले होते. मी त्या हद्दीवर देव शोधत बसले होते, आणि या माणसांनी हद्दीलाच देवपण देऊन तिच्यावरचं खोबरं वाटून खाल्लं होतं. माझ्या कल्पनेतल्या शिवालयाहून हे किती मोठं होतं! परतताना एसटीत मी तिला प्रकरण घालायला सांगितलं.

खुल्या मौखिक परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं तेच विचारलं: तुमच्या मार्गदर्शकांचं वाचन चुकलं, असं तुमचं म्हणणं आहे का? संघमित्रानं माझ्याकडं पाहिलं. मग मीच उठले आणि म्हणाले, “व्हय. चुकलंच माझं.” शहरात इतकी वर्षं काढून ऐन वेळी तोंडून माहेरची बोली निघाली. सभागृह हसलं, मीही हसले, आणि पोरगी धडाधड बोलू लागली. नंतर तिची आई माझा हात धरून म्हणाली, “राग नका धरू मॅडम. घरात माझ्याबी लई चुका काढती ती.” मला हसू आवरेना आणि डोळेही.

आता संघमित्रा स्वतः एका महाविद्यालयात शिकवते. मी मात्र नव्या विद्यार्थ्यांच्या पहिल्या तासाला माझा तो गाजलेला निबंध वाटते आणि सांगते, यात एक चूक आहे, हुडका. परवा मागच्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला आणि चाचरत चूक सांगितली. ती शिवपूजेची नव्हती. दुसरीच होती, आणि मला ती आजवर ठाऊकच नव्हती. मी तिला पुढं बोलावून खडू तिच्या हातात दिला आणि तिच्या रिकाम्या जागेवर जाऊन बसले.