घरच्या बियाची मिरची

बिरप्पाच्या तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, वरून किरणांचे तीस शेक झाले. त्यानंतर चौदा महिने त्याच्या ताटात दहीभात आणि दुधात कुस्करलेली भाकरी, एवढंच. सांगोल्याच्या माळावर मेंढरं राखत ठेचा-भाकरीवर वाढलेला माणूस. तक्रार मात्र कधी केली नाही. सोमवारी डॉक्टर म्हणाले, "अजिबात तिखट नसलेली मिरची मऊ शिजवून द्या. तिखटाचा कण गेला तर मात्र कातडं सोलून निघेल."

त्याच्या बायकोला, केराबाईला वाटलं, यात काय अवघड! सोलापुरातल्या त्यांच्या घराच्या गच्चीवर रंगाच्या डब्यांत भज्याच्या मिरचीची सहा झाडं लगडली होती. बी तिनंच गेल्या वर्षी धरलेलं. जोडीला ढोबळी लावावी म्हणून ती गुरप्पाच्या रोपवाटिकेत गेली आणि बोलता बोलता घरच्या बियाचं सांगून बसली.

"गेल्या साली शेजारी काय हुतं?" गुरप्पानं विचारलं.

"लवंगी."

गुरप्पाचा हात थांबला. "मग भरवसा न्हाय, मावशी. माशी हिकडचं तिकडं करती. त्या साली मिरची गोडच लागती, पर बियात फरक पडतो. दिसाय भज्याची, खाया जाळ."

ढोबळीची रोपं तिथंच टाकून ती रिक्षात बसली. घरी पोचली तर बिरप्पा डब्यांपाशी पाटावर बसलेला, हातात पोपटी मिरची.

"आवं, ती खाली ठिवा."

"डाक्टर व्हय म्हणालाय की."

"कुठल्या झाडाची हाय?"

"ध्यानात न्हाय."

तिनं मिरची काढून घेतली आणि सरळ देठापाशी चावली. काही नाही. नुसता पाणचट गोडवा. मग एकेका झाडाची मिरची तोडून ती चाखत गेली. पहिली गोड, दुसरी गोड. तिसरी चावली आणि कानापर्यंत जाळ गेला, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. बिरप्पा तिच्याकडं बघत राहिला.

"बास कर आता," तो हळूच म्हणाला.

ती ताक प्याली, जीभ थंड होईपर्यंत थांबली आणि चौथ्या झाडाला हात घातला. शेवटी दोन झाडं तिखट निघाली. त्यांना तिनं लाल चिंध्या बांधल्या.

संध्याकाळी पहिल्या झाडाची मिरची बिया काढून, वाफवून तिनं त्याच्यापुढं ठेवली. त्यानं तुकडा तोंडात घेतला. जबडा थांबला. डोळे भरले.

"जळतंय का?" तिनं ताकाचा पेला पुढं केला.

त्यानं मान हलवली. घास गिळून म्हणाला, "न्हाय. वास हाय गं. मिरचीचा वास हाय."

त्यानं अर्धीच खाल्ली, गिळायला त्रास होत होता. दुसऱ्या दिवशी केराबाई पुन्हा गुरप्पाकडं गेली. ढोबळीची चार रोपं आणि भज्याच्या मिरचीचं नवं पाकीट घेतलं. लवंगीही घेतली, स्वतःच्या ठेच्यापुरती एकच. ती तिनं गच्चीच्या पार दुसऱ्या टोकाला लावली.