भाऊंनी पत्ते खाली ठेवले

मंडळी, बायपासनंतरचे माझे व्यायामाचे वर्ग आज जळगावात संपले. निघताना डॉक्टर बायकोला म्हणाले, "आता घरी हे कंटाळा करतील. चालून आले की काहीतरी बक्षीस द्या." ती हसली. मला हसू आलं नाही.

नव्वदच्या आसपास आम्ही दीपनगरच्या कॉलनीत राहायचो. वडिलांना, म्हणजे भाऊंना, अटॅक येऊन गेला होता. चाला म्हटलं की चिडायचे. मग कॉलनीच्या दुसऱ्या टोकाच्या नानांनी त्यांना पत्ते खेळायला बोलावलं, आणि भाऊ रोज संध्याकाळी आपणहून चालत निघायला लागले.

एकदा नानांच्या बायकोने, अक्कांनी, चहा देताना सहज म्हटलं, "तुमच्यासाठी हे क्लबात जात नाहीत, भाऊ. वहिनींनी सांगेल आहे ना." वहिनी म्हणजे माझी आई; भाऊंना पत्त्यांना बोलवा, असं तिनेच नानांना सांगितलं होतं.

भाऊंनी हातातले पत्ते खाली ठेवले. नंतर नाना स्वतः आमच्या घरी बोलवायला आले, तरी ते उठले नाहीत. पुढचा उन्हाळा त्यांनी पाहिला नाही.

मघाशी माझ्या जुन्या मित्राचा फोन आला. उद्यापासून रोज सोबत फिरायला जाऊ म्हणतो. बायको शेजारीच बसली होती, तिने वर पाहिलं नाही.

तुम्ही असता तर तिला विचारलं असतं का?