सामाईक कोठीचा वारस

आम्ही नवरा-बायकोनं मिळून शेवटचं काय केलं म्हणाल, तर शेंगा खाल्ल्या. धाडच्या बाजारात पोराचं फॉर्म भरायचं दुकान आहे. संध्याकाळची वेळ, बायको कॉम्प्युटरसमोर आणि मी बाकड्यावर.

"झालं का वं? घरी चहा टाकाचा हाये."

"थांबा जरासं, कोठी भरून राह्यली."

"घरची कोठी उंदरानं खाल्ली, अन् हिची भरून राह्यली!"

"तुमचं तोंड हेच एक अवजार, तेबी बिनकामाचं," म्हणत तिनं माझ्या हातातले दाणे उचलले आणि खाल्ले. पहाटे ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाला, हृदय. माणूस गेल्यावर डॉक्टरला सगळं समजते.

कोठी म्हणजे काय, ते मला समजलं तेवढं सांगतो. मी तिसरी नापास, भरवसा बेतानंच ठेवा. कॉम्प्युटरात एक काळी पाटी उघडते, तिच्यावर हुकूम टाइप करायचा. फोटो लहान कर, कागद जोड. प्रत्येक कामाला हुकमामागं वेगळं अवजार लावावं लागते, ट्रॅक्टरमागं रोटाव्हेटर लावतो तसं. पोरगा त्याला प्लगइन म्हणतो. मशीन एक, पोरगा, सून आणि बायको तिघं आपापल्या नावानं उघडायचे, आणि प्रत्येकाची अवजारं वेगळी. एकाच माणसाचा फोटो तिघांकडून तीन मापांचा निघायचा. शेवटी पोरानं सगळी अवजारं आईच्या खात्यात एका जागी ठेवली, तीच ही कोठी. वापरायची तिघांनी, बदलायची एकट्या आईनं. आमच्याकडं सामाईक विहिरीवर सख्खे भाऊ कुऱ्हाडी काढतात. इथं सासू-सून एका कोठीतलं खाऊ लागल्या. विज्ञानानं लयच प्रगती केली म्हणायची. बायको तर गल्लीभर सांगायची, "सारं दुकान माह्या कोठीवर चालते."

तेरवी झाली. पाहुणे बुंदी खाऊन, रडून, उरलेली बुंदी बांधून गेले. मग पोरगा म्हणाला, "बाबा, आईचं खातं बंद करा लागते."

"काऊन बे? भाडं मांगते का ते?"

"अवजारं जुनी झाली. नवी टाकाचा हक्क तिच्याच नावानं हाये. फोटो मापात बसेना, फॉर्म वापस येऊन राह्यले."

"मंग? माणूस मेला म्हणून विहीर बुजवतो का? सातबाऱ्यावर करतो तसा वारस लाव!"

मला वाटलं, जिंकलो. पोरगा हळूच म्हणाला, "तेच म्हणतो मी. पण वारस लावला का जुन्या नावाले कंस पडते, बाबा."

माझ्या बापाच्या नावाला तलाठ्यानं कंस घातला, म्हणजे सातबाऱ्यावरून नाव उडवलं, तेव्हा मी तिथंच उभा होतो. पेढे वाटले होते मी, जमीन नावावर झाली म्हणून.

"तिच्या नावाले कोणी हात लावाचा नाही," मी म्हटलं. "फॉर्म वापस येते तर येऊ द्या. सरकारले घाई नाही, तुम्हालेच काय आग लागली?"

पोरगा उठून गेला. सून उठली नाही. "मामाजी, आज उंद्रीचा एक म्हातारा जीपनं आला, फोटो होईना म्हणून तसाच गेला. आत्याबाईनं आपल्या कोठीवरून कोणाले उपाशी वापस पाठवलं का कधी?"

"लय शहाणी होऊ नको," एवढंच बोललो. त्या दिवशी जेवलो नाही. कोणी आग्रहही केला नाही. आग्रह करणारी गेली होती.

सकाळी दुकानात जाऊन सुनेशेजारी बसलो.

"करू का, मामाजी?"

"कर."

"कोणाच्या नावानं?"

"तुह्या."

शटरजवळून पोरगा ओरडला, "अन् मी? लेक असून?"

"तू खाय कोठीतलं."

सुनेनं टाइप केलं. एक ओळ आली, दुसरी आली, मग पाटी पहिल्यासारखी.

"झालं?"

"झालं."

"आवाज नाही, काही नाही?"

"नसते, मामाजी."

मी उठलो. बाहेर लोक उभे होते. शटर वरपर्यंत ढकललं आणि म्हटलं, "या. पहिला कोण हाये?"