डबाभर खिळे

घरकर्जाच्या चौकशीसाठी मी यवतला एका पंक्चरवाल्याच्या टपरीवर गेलो होतो. अर्जदाराच्या कमाईचा पुरावा तपासायचा, हे माझं काम. त्याच्याकडं ना रिटर्न, ना बिलबुक. त्यानं पत्र्याचा डबा माझ्यापुढं पालथा केला. टायरांतून काढलेल्या खिळ्यांचा ढीग पडला.

"येक खिळा म्हंजी येक गिऱ्हाईक, साहेब. रस्त्यावर टाकलं तर दुसऱ्याच्या चाकात जातील, म्हून ठेवतो. असं आनखी चार डबं हायेत."

बोलता बोलता त्याचा काळा अंगठा सवयीनं माझ्या गाडीच्या टायरवरून फिरत होता. तिथंही खिळा निघाला. त्यानं पंक्चर काढलं आणि खिळा डब्यात टाकला. ऑफिसला दाखवायला मी पावती मागितली. माझ्याच वहीच्या पानावर त्यानं रक्कम लिहून खाली सही केली.

संध्याकाळी मी त्याच्या फाइलवर 'उत्पन्नाचा ग्राह्य पुरावा नाही' असं लिहिलं. फॉर्ममध्ये खिळ्यांना रकाना नव्हता, आणि साहेबांशी त्यावरून भांडायची माझ्यात हिंमत नव्हती.

त्याचं कर्ज नामंजूर झालं. माझ्या पंक्चरचे पैसे मात्र पगारासोबत जमा झाले. त्याच्या त्या सहीबद्दल कंपनीनं मला एक शब्दही विचारला नाही.