सादड्याचा घेर

माझी सगळी नोकरी मोजण्यात गेली. नरोलीच्या एका कारखान्यात मी क्वालिटीला आहे. स्टीलच्या पट्ट्या, वॉशर, स्प्रिंगा माझ्या टेबलावर येतात. मी व्हर्निअर, म्हणजे केसाएवढा फरक दाखवणारी जबड्यांची मोजपट्टी, लावतो आणि पास तरी करतो, नाहीतर बाजूला टाकतो. जळगावहून आलो तेव्हा केस काळे होते. मुलं आमलीच्या भाड्याच्या घरात मोठी झाली, शिकायला बाहेर पडली, आणि मी अजून मोजतोच आहे. मोजण्याबद्दल आता कोणी मला नवीन काही शिकवेल असं वाटत नव्हतं.

एका दिवाळीनंतर मॅनेजरसाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. समोर तिशीतली एक बाई बसली होती. बुटांना लाल माती, मांडीवर वही. पुण्याची, झाडांवर संशोधन करणारी. केंद्र सरकारच्या अनुदानातून तिचा प्रकल्प चालू होता. उन्हाळे तापत चाललेत, तर इथल्या जंगलातल्या झाडांना ते कसं झेपतंय, हे तिला बघायचं होतं. त्यासाठी झाडांच्या बुंध्यांना बांधायला पातळ स्टेनलेस पट्ट्या हव्या होत्या. पट्टी बुंध्याभोवती फिरवायची, दोन्ही टोकं एका स्प्रिंगने ओढून धरायची. झाड जाड झालं की पट्टी सरकते, आणि पट्टीवरच्या दोन खुणांमधलं अंतर वाढतं. ते अंतर म्हणजे झाडाची वाढ.

"आणि ते मोजता कशाने?" मी विचारलं.

"व्हर्निअरने," ती म्हणाली.

मी हसलो. पट्ट्या आम्ही करून दिल्या. बांधायला म्हणून एका रविवारी मी तिच्यासोबत सुरंगीच्या जंगलात गेलो. परत येताना, दर पंधरवड्याला मोजायला कोणी भरवशाचं मिळत नाही, असं ती सहज बोलून गेली आणि मी हो म्हणून बसलो. घरी बायको म्हणाली, "आठवडाभर लोखंड मोजता, आता रविवारी लाकूड मोजा!"

सुरंगीला आमच्या प्लॉटला, म्हणजे पट्ट्या बांधलेल्या जंगलाच्या तुकड्याला, लागूनच एका वारली मावशींचं शेत होतं. प्रकल्पाने त्यांना मदतीला घेतलं होतं. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या असतील, पण चढावर मला मागे टाकायच्या. झाडांची नावं मी त्यांच्याकडूनच शिकलो. साग मला माहीत होता. सादडा माहीत नव्हता. आपल्याकडे त्याला ऐन म्हणतात. त्याची साल सुसरीच्या पाठीसारखी, चौकोनी भेगा पडलेली.

थंडीभर सगळं सुरळीत होतं. आकडे जागच्या जागी, कुठे केसभर इकडे-तिकडे. मग होळीच्या सुमाराला एका रविवारी पहिल्याच सादड्याला व्हर्निअर लावला आणि अंतर कमी आलं. पुन्हा लावला. पुन्हा कमी. दुसरा सादडा, तिसरा, मग एक साग. सगळे बारीक झाले होते.

झाड वाढतं किंवा वाढायचं थांबतं. ते बारीक कसं होईल? मी व्हर्निअर पुसला, शून्य तपासलं, चष्मा काढून डोळे चोळले. मावशी वही धरून उभ्या होत्या. मला वाटलं, स्प्रिंगा ढिल्या पडल्या असतील, म्हणजे माझ्याच कारखान्याचा माल खराब. किंवा माझा हात बिघडला. दोन्हींतलं काहीही कबूल करायची माझी तयारी नव्हती. मी मागच्या पंधरवड्याचे आकडे बघितले आणि तेच पुन्हा लिहिले. अकरा झाडांना.

पुढच्या आठवड्यात तिचा फोन आला. आवाजात उत्साह होता.

"काका, आमच्या दुसऱ्या प्लॉटवरचे सादडे चांगलेच बारीक झालेत. तुमचे मात्र जसेच्या तसे! तुमच्या जमिनीखाली पाणी असावं. तिथे खोदून बघायची परवानगी मागते मी."

मी कारखान्याच्या गेटपाशी उभा होतो. शिफ्ट सुटली होती, माणसं दोन्ही बाजूंनी जात होती. गप्प राहिलो असतो तर खपून गेलं असतं. तिने परवानगी काढली असती, माणसं लावली असती, पाणी लागलं नसतं, आणि ती वर्षभर विचार करत बसली असती.

"मॅडम," मी म्हणालो, "खाली पाणीबिणी काही नाही. ते आकडे मी बदललेत."

तिने लगेच विचारलं,

"खरे आकडे कुठे लिहिलेत?"

"लिहिलेच नाहीत."

"काका, चुकलेला आकडा मला नंतर ओळखता येतो. सुधारलेला ओळखता येत नाही."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. इतक्या वर्षांत कारखान्यातल्या किती पोरांना मी हेच वाक्य वेगळ्या शब्दांत ऐकवलं होतं!

रविवारी ती स्वतः आली. वही उघडून त्या अकरा ओळींसमोर माझ्याकडूनच लिहून घेतलं: 'निरीक्षकाने बदललेले आकडे, वापरू नयेत.' खाली सही. ती पानं सरकारकडे जमा झाली, माझ्या सहीसकट. मग व्हर्निअर माझ्याच हातात देऊन म्हणाली, "चला, पुन्हा मोजा."

मला वाटलं होतं ती हे काम माझ्याकडून काढून घेईल. त्या विश्वासानेच मला धीर आला आणि मनातलं बोललो. "एक शंका आहे. स्टील उन्हाने वाढतं. पट्टी लांबली की स्प्रिंग तिला ओढून घेणार, खुणा जवळ येणार. झाड बारीक झालं नसेल, पट्टीच वाढली असेल."

ती थांबली. वहीत काहीतरी लिहिलं. "याचा हिशेब आम्ही कागदावर करतो. पण समोर तपासायचं तर काय कराल?"

"वाळलेल्या झाडाला पट्टी बांधू. ते काही पाणी पीत नाही. तिथे जेवढं हलेल, ते पट्टीचं."

मावशींना एवढंच कळलं की मेलेलं झाड पाहिजे. त्या आम्हाला ओढ्याकडे घेऊन गेल्या. तिथे एक सादडा उभ्या-उभ्याच वाळलेला होता, आणि पंधरा पावलांवर भरल्या पानांचं जांभूळ. या दिवसांत सादडा-साग उघडेबोडके असतात. जांभूळ पानं गाळत नाही. दोघांना नव्या पट्ट्या बांधल्या आणि त्या जागेवर बसू दिल्या. दोन आठवड्यांनी रविवारी उजाडायच्या आत आम्ही तिघं पुन्हा तिथे होतो. दिवसभर, दर तासाला, दोन्ही झाडं मोजायची.

सूर्य वर आला. पहिले दोन तास काहीच नाही. नऊ वाजता वाळलेल्या सादड्याचा आकडा जवळपास तोच होता. जांभळाच्या खुणा जवळ आल्या होत्या. दहाला आणखी. अकराला आणखी. वारा नव्हता, एक पान हलत नव्हतं, आणि व्हर्निअरच्या दोन जबड्यांमध्ये ते झाड आत-आत चाललं होतं. दुपारी मेलेल्या झाडावरची पट्टी केसाएवढी सरकली होती. ते माझं स्टील. उरलेलं सगळं जांभळाचं होतं.

"पानं वर पाणी ओढतायत," ती हळू आवाजात म्हणाली. "मुळं तेवढं पुरवू शकत नाहीत. म्हणून खोडातलं वापरतंय. सादडेही पानं गळेपर्यंत असेच आटत आले."

तीननंतर आकडा थांबला. पाचला मी व्हर्निअर लावला आणि खुणा लांब गेलेल्या होत्या. माझा विश्वास बसेना. मी मावशींना बोलावलं, त्यांना आकडे वाचता येत होते. त्यांनी आकडा वाचला, वहीतला आधीचा बघितला, आणि म्हणाल्या, "भरायला लागला."

ऊन उतरत गेलं तसतसं झाड भरत गेलं. जन्मभर मी झाडांखाली गाड्या लावल्या, डबे खाल्ले, झोपा काढल्या. माझ्या पाठीला टेकलेली ती खोडं रोज अशी आत-बाहेर होत होती आणि मला पत्ता नव्हता. मी सालीवर तळवा ठेवला. हाताला अर्थातच काही कळलं नाही. पण मला तो लवकर काढवेना.

निघताना मावशी म्हणाल्या, "तुमी त्याची तहान मोजता, पाणी पन बगा." त्यांच्या बांधावर त्यांचा स्वतःचा एक जुना सादडा होता, खाली बुंध्याला फुगवटा असलेला. सगळ्यांत नसतं, त्या म्हणाल्या, पोट बघून ओळखायचं. त्यांनी कोयत्याचं टोक फुगवट्यात मारलं आणि फिरवलं. पाणी आलं. ठिबकत नव्हे, धार लागली. चैत्राचं ऊन, पायाखालची माती भाजलेली, ओढा कोरडा, आणि एका निष्पर्ण झाडातून बोटभर जाड धार! मी ओंजळ धरली. तुरट, मचूळ, थंड. मावशींचे वडील जंगलात तोडीला जायचे तेव्हा हेच प्यायचे. चार घोट झाल्यावर त्यांनी मातीचा गोळा करून भोक बुजवलं. पुण्याची बाई वही काढायची विसरली होती.

मेच्या शेवटच्या रविवारी मी आणि मावशीच होतो. आकाशात ढगाचा तुकडा नव्हता. कारखान्यात त्या आठवड्यात दोन माणसं उन्हाने चक्कर येऊन पडली होती. होळीला जो सादडा मला खोटा वाटला होता, त्याला व्हर्निअर लावला. अंतर वाढलेलं. वर्षातला सगळ्यांत कोरडा दिवस, आणि झाड जाड झालेलं. यावेळी मी जे दिसलं ते लिहिलं. पुढच्या सादड्याचं तेच, त्याच्या पुढच्याचंही तेच.

"वर बगा," मावशी म्हणाल्या. फांद्यांच्या टोकांना तांबूस, बोटाच्या पेराएवढी पानं फुटली होती.

मी तिथूनच फोन लावला. आकडे वाचून दाखवले. पलीकडे ती लिहून घेत होती, प्रत्येक आकडा दोनदा विचारून.

"पाऊस नाही, ओल नाही," मी म्हणालो. "कशाच्या भरवशावर भरतंय हे?"

"खोल मुळांनी ओढत असणार. पण नेमकं केव्हा सुरू करायचं हे त्याला कसं कळतं, ते अजून कोणालाच नीट माहीत नाही."

"आणि उन्हाळे असेच वाढत गेले तर? जमेल त्याला?"

"काका, हे मला माहीत असतं तर सरकारने या कामाला मंजुरी कशाला दिली असती? अजून निदान पाच-सहा उन्हाळे मोजावे लागतील. मग कदाचित थोडं सांगता येईल."

पाच-सहा उन्हाळे. कारखान्यात मी उत्तर पाच मिनिटांत देतो, पास की बाजूला. फोन ठेवून मी मावशींकडे पाहिलं. त्या पुढच्या झाडाच्या पट्टीवरचे मुंगळे फुंकरीने उडवत होत्या, खुणा दिसाव्यात म्हणून.